बॅटरीवरची चेनसॉ: जोडणी, चेनचा ताण आणि पहिली चाचणी

बॅटरीवरच्या चेनसॉबद्दल दोन तक्रारी सतत कानावर येतात. एक, चेन सारखी उतरते. दुसरी, बॅटरी टिकत नाही. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: चेनचा ताण चुकीच्या क्रमाने लावलेला असतो, किंवा एकदा लावून पुन्हा पाहिलेलाच नसतो. पेटीतल्या चित्रांच्या कागदावर बाण भरपूर असतात. पण नट आधी आवळायचा की ताण आधी द्यायचा, बारचं (चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचं) टोक कधी उचलायचं, गरम चेन घट्ट करायची की नाही, हे त्या बाणांवरून कळत नाही.

खालचा क्रम पुढे-मागे हँडल आणि चेन ब्रेक (फिरती चेन तत्क्षणी थांबवणारा ब्रेक) असलेल्या, दोन हातांनी धरायच्या चेनसॉसाठी आहे. एका हातात मावणाऱ्या मिनी चेनसॉलाही जोडणीचा भाग जवळपास तसाच लागू होतो. मात्र त्यांतल्या अनेकांना चेन ब्रेक नसतो आणि ऑइलचा पंपही नसतो, तेल हातानेच सोडावं लागतं. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

## १. सगळ्यात आधी बॅटरी बाहेर

पेट्रोलची चेनसॉ चालू असली की आवाजावरून कळतं. बॅटरीची चेनसॉ गप्प पडलेली असते आणि ट्रिगर दाबल्याबरोबर पूर्ण जोरात फिरते. ट्रिगरला लॉकचं बटण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते बटण आणि ट्रिगर एकाच मुठीत दाबले जावेत अशीच हँडलची रचना असते, आणि जोडणी करताना यंत्र उलटंसुलटं करायला आपण नेमकं तेच हँडल पकडतो.

म्हणून नियम साधा: चेन, बार किंवा कव्हरच्या नटाला हात लागणार असेल तर बॅटरी बाहेर. नुसती सैल करून तिथेच ठेवायची नाही, काढून दुसरीकडे ठेवायची. "फक्त अर्धा फेरा घट्ट करायचा आहे" अशा वेळीच लोक हा नियम मोडतात.

जाड हातमोजे घाला. थांबलेल्या चेनचे दातही बोट कापतात, आणि नव्या चेनचे तर जास्तच.

तपासा: बॅटरी काढल्यावर सुटे नट, स्क्रू, पाना असलेल्या डब्यात ती टाकलेली नाही ना? तिच्या टोकांना धातू टेकला तर शॉर्ट होऊ शकतं.

## २. भाग मांडा, आकडे जुळवा

स्वच्छ टेबलावर मशीनची बॉडी, बार, चेन, बारचं प्लास्टिकचं म्यान, पाना आणि चेनचं ऑइल मांडून ठेवा. खाली जुना कपडा किंवा पुठ्ठा घाला.

सोबत आलेली चेन आणि बार पहिल्यांदा बसवत असाल तर आकडे जुळलेलेच असतात. चेन बदलताना मात्र हमखास घोळ होतो, कारण दुकानात "१४ इंची चेन द्या" एवढंच सांगितलं जातं. इंच ही बारची लांबी झाली. चेन बसायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात:

- पिच. चेनच्या सलग तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. बॅटरीच्या मशीनवर बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल (कमी उंचीची चेन), ०.३२५ इंच किंवा १/४ इंच असतं.
- गेज. बारच्या खाचेत शिरणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी. १.१ मिलिमीटर म्हणजे ०.०४३ इंच, १.३ मिलिमीटर म्हणजे ०.०५० इंच. १.३ ची चेन १.१ च्या खाचेत शिरणारच नाही. उलट केलंत तर शिरेल, पण डुगडुगत फिरेल आणि काप वाकडा जाईल.
- ड्राइव्ह लिंकची संख्या. एका १४ इंची बारला ५० लागतात, दुसऱ्याला ५२. दोन लिंकांचा फरक ताणाच्या स्क्रूने भरून निघत नाही.

हे आकडे बारच्या मागच्या टोकाजवळ कोरलेले असतात. धूळ आणि तेल पुसून वाचा, आणि नवी चेन घेताना फोटो काढून न्या.

## ३. कव्हर उघडा आणि आतली जागा पाहा

कव्हर काढण्याआधी पुढचा हातरक्षक (पुढच्या हँडलसमोरची ढाल) आपल्याकडे, म्हणजे हँडलकडे ओढून चेन ब्रेक सोडवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. काही मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा कव्हरच्याच आत असतो; ब्रेक लागलेला असताना कव्हर काढलं तर ते परत बसत नाही, आणि मग लोक हातोडी घेऊन बसतात.

नट किंवा मोठी नॉब सोडवून कव्हर काढा. आत मोटरच्या दांड्यावर दातेरी चाक दिसेल, ते स्प्रॉकेट. त्याच्या बाजूला एक-दोन बोल्ट, त्यांवर बार बसतो. आणि एक छोटी पिन, जी ताणाचा स्क्रू फिरवला की पुढे-मागे सरकते. काही मशीनमध्ये ही पिन कव्हरवर असते, तर बिनपान्याच्या काही मॉडेलमध्ये तिच्याऐवजी बारलाच एक गोल चकती जोडलेली असते.

वापरलेली मशीन असेल तर इथला चिकट भुसा ब्रशने पूर्ण काढा. बारच्या खाचेतून पातळ पट्टी ओढून आतला गाळ बाहेर काढा. बारच्या मागच्या भागात ऑइल आत जायचं बारीक भोक असतं, ते तारेने मोकळं करा. स्प्रॉकेटच्या दातांवर चेनने पाडलेल्या खाचा साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल असतील तर त्यावर नवी चेन चढवू नका. झिजलेलं स्प्रॉकेट नव्या चेनची लवकर वाट लावतं.

मग ताणाचा स्क्रू उलटा, म्हणजे सहसा घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवून पिन पूर्ण मागे, स्प्रॉकेटच्या दिशेला आणा. पिन पुढे राहिली तर चेन तोकडी वाटते. "चेन छोटी दिली" म्हणून दुकानात परत जाण्याआधी एकदा ही पिन बघा.

## ४. चेनची दिशा ठरवा

गुंता झालेली नवी चेन हातात धरून ओढू नका. एका बोटावर लोंबकळत सोडा, वळणं आपोआप सुटतात. ड्राइव्ह लिंक आतल्या बाजूला आणि कापणारे दात बाहेरच्या बाजूला असा वेढा करून टेबलावर ठेवा.

आता एक दात नीट बघा. त्याला दोन उंचवटे असतात: एक गोलसर, तो खोली ठरवणारा, दुसरा धारदार कडेचा, तो कापणारा. चेन चालताना गोलसर उंचवटा पुढे आणि धार त्याच्यामागे असते. चेन बारच्या वरच्या कडेवरून टोकाकडे जाते. म्हणून वरच्या कडेवर दातांची धार बारच्या टोकाकडे, तुमच्यापासून दूर, असली पाहिजे. खालच्या कडेवर ती मशीनकडे तोंड करून असते. तिथे गोंधळू नका, नेहमी वरची कडच तपासा.

बॉडीवर, अनेकदा कव्हरच्या आत स्प्रॉकेटजवळ, दाताचं छोटं चित्र असतं. त्याच्याशी ताडून पाहा.

खबरदारी: उलटी चेन फिरते अगदी व्यवस्थित. कापत मात्र नाही, नुसती घासते, लाकूड काळं पडतं आणि धूर येतो. नवी चेन बोथट निघाली असं वाटलं तर बॅटरी काढून आधी दिशा बघा.

बारवरची अक्षरं उलटी दिसली तर ती चूक नाही. बहुतेक बार दोन्ही बाजूंनी सारखेच बसतात, आणि झीज समान व्हावी म्हणून चेन बदलताना बार उलटा करायचाच असतो. चेनची दिशा बारवरच्या नावावरून ठरवणं हा मात्र नेहमीचा घोटाळा.

## ५. बार आणि चेन बसवा

बार उभा धरा, टोक वर. चेन आधी टोकावरून घाला आणि दोन्ही कडांच्या खाचेत ड्राइव्ह लिंक बसवत खाली या. गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं, म्हणून बार आडवा ठेवण्यापेक्षा हे सोपं जातं. खाली, बारच्या मागच्या टोकाला, चेनचा मोकळा वेढा शिल्लक राहील. तो स्प्रॉकेटसाठी.

बार आणि चेन एकत्र धरूनच मशीनवर आणा:

1. मोकळा वेढा स्प्रॉकेटभोवती घाला. ड्राइव्ह लिंक स्प्रॉकेटच्या दातांमध्ये बसलेले दिसले पाहिजेत, दातांवर चढलेले नव्हे.
2. बारची लांब खाच बोल्टवर बसवा.
3. ताणाची पिन बारच्या छोट्या भोकात आली का ते पाहा. येत नसेल तर स्क्रू थोडा पुढे-मागे फिरवून पिन भोकासमोर आणा.
4. बार हाताने बाहेरच्या दिशेला हळूच ओढा. चेनचा ढिलेपणा थोडा कमी होईल आणि लिंक खाचेत टिकून राहतील.
5. कव्हर लावा आणि नट फक्त बोटांनी फिरवा. पाना अजून हातात घ्यायचा नाही.

कव्हर सपाट बसत नसेल तर नट आवळून ते बसवायचा प्रयत्न करू नका. पिन भोकात गेलेली नाही, किंवा एखादा ड्राइव्ह लिंक स्प्रॉकेटच्या दातावर अडकला आहे. जोर लावला तर पिन वाकते किंवा लिंकच्या कडेला कंगोरा येतो, आणि मग ती चेन कुठल्याच बारमध्ये सरळ फिरत नाही.

तपासा: मशीन उलटी करून खालून बघा. चेन सगळीकडे खाचेत आहे का? बॉडीखाली स्प्रॉकेटजवळ चेन पकडणारा छोटा खुंटा असतो, तो शाबूत आहे का? तुटलेली किंवा उतरलेली चेन मागे फेकली जाऊ नये म्हणून तो असतो. वाकलेला किंवा मोडलेला असेल तर बदलल्याशिवाय मशीन चालवू नका.

## ६. ताण लावा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर हा भाग तरी दोनदा वाचा.

बार बोल्टवर थोडा वर-खाली हलू शकतो, आणि लाकडात दाब पडला की त्याचं टोक वर ढकललं जातं. टोक खाली लोंबलेलं असताना ताण लावला, तर पहिल्या कापात बार वर सरकतो आणि लावलेला ताण निघून जातो. म्हणून:

1. नट बोटांनी लावलेलेच राहू द्या, म्हणजे बार सरकू शकेल.
2. एका हाताने बारचं टोक वर उचला, जातं तिथपर्यंत. हात टोकाखालून नको. चेन टाळून बारला बाजूंनी धरा, किंवा टोक लाकडी ठोकळ्यावर टेकवा.
3. टोक उचललेलंच ठेवून ताणाचा स्क्रू हळूहळू फिरवा, बहुतेक मशीनवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. खालच्या बाजूला लोंबणारी चेन बारच्या खालच्या कडेला नुकती टेकली की थांबा.
4. टोक अजूनही उचललेलं ठेवा आणि आता पान्याने नट घट्ट आवळा. दोन नट असतील तर आळीपाळीने.
5. टोक सोडा आणि तपासणीला लागा.

चौथ्या पायरीत टोक आधी सोडणं ही सर्वांत सामान्य चूक. तिच्या खालोखाल दुसरी: नट आधी पक्के करून मग ताणाचा स्क्रू फिरवणं. घट्ट नटाखाली बार हलत नाही, सगळा जोर त्या बारीक पिनेवर येतो, आणि पिन किंवा तिचे आटे जातात.

बिनपान्याच्या मॉडेलमध्ये दोन चाकं असतात, एक ताणाचं आणि एक कव्हर आवळायचं. क्रम तोच. काहींमध्ये कव्हरची नॉब आवळताना ताण आपोआप बसतो. तिथे टोक उचलणं तेवढंच गरजेचं आहे, आणि नॉब थांबली की पक्कडीने आणखी फिरवायची नाही.

ताण बरोबर आहे का? तीन तपासण्या, या क्रमाने:

*डोळ्यांनी.* बारच्या खालच्या कडेला चेन टेकलेली हवी. मधे लोंबून उजेड दिसत असेल तर सैल.

*ओढून.* बारच्या मध्यावर वरच्या कडेची चेन दोन बोटांनी वर ओढा. साधारण ३ ते ४ मिलिमीटर उचलली जावी, ड्राइव्ह लिंक खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडताच चेन पटकन परत बसावी. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

*फिरवून.* ब्रेक सोडलेला असल्याची खात्री करा आणि हातमोजा घातलेल्या हाताने वरची चेन टोकाच्या दिशेने ओढत पूर्ण एक फेरी फिरवा. थोडा विरोध जाणवेल, पण ती अडखळायला नको. एकाच जागी पुन्हा पुन्हा अडत असेल तर एखादा लिंक वाकलेला आहे किंवा बारच्या टोकाच्या चाकात भुसा अडकला आहे. ताण कमी करून ही अडचण झाकू नका.

तिसऱ्या तपासणीत चेन अजिबात हलत नसेल तर स्क्रू ढिला करण्याआधी ब्रेक बघा. अनेकदा ताण बरोबर असतो, ब्रेक लागलेला असतो.

सायकलची चेन लावण्याची सवय असलेले लोक इथे थोडा झोल ठेवतात. चेनसॉला तो झोल चालत नाही. पण उलट टोक गाठणारेही तितकेच आहेत: तारेसारखी कडक चेन म्हणजे सुरक्षित, असा त्यांचा समज असतो. पेट्रोलची मशीन जास्तीचं घर्षण काही काळ रेटून नेते, बॅटरीची मशीन ते थेट चार्जमधून वसूल करते. बारच्या कडा तापून निळसर पडतात, मोटर ओव्हरलोडने बंद होते, काम अर्ध्यावर असताना बॅटरी संपते. "बॅटरी टिकत नाही" म्हणणाऱ्यांनी नवी बॅटरी घेण्याआधी वरची फिरवून पाहण्याची तपासणी करावी.

## ७. ऑइल भरा

नव्या मशीनची टाकी सहसा रिकामी येते. चेन चमकते, त्यावर गंजरोधक थर असतो, म्हणून तेल आहे असं वाटतं. ऑइलशिवाय काही मिनिटं चालवली तरी बार आणि चेन दोन्ही तापतात.

टाकीच्या झाकणाभोवतीचा भुसा आधी पुसा, मग झाकण उघडा. आत गेलेला कचरा पंपाच्या जाळीत अडकतो. मशीन आडवी, झाकण वर अशी ठेवून खुणेपर्यंत भरा. चेनसाठीचंच ऑइल घ्या, कारण ते चिकट असतं आणि वेगात असलेल्या चेनवरून लगेच उडून जात नाही. वापरलेलं इंजिन ऑइल मुळीच नको: त्यात धातूचा चुरा असतो, आणि ते तुमच्या कपड्यांवर, कातडीवर, जमिनीवर उडतं. वनस्पतिजन्य चेन ऑइल जमिनीसाठी बरं, मात्र मशीन महिनोन्महिने पडून राहिली तर ते घट्ट होऊन पंप जाम करतं.

## ८. बॅटरी लावा आणि लाकडाशिवाय चाचणी घ्या

आता अंगावरचं सामान: डोळ्यांना गॉगल किंवा जाळीचा मुखवटा, कानांना संरक्षण, पकड असलेले बूट, अंगासरशी कपडे आणि चेनसॉसाठीची संरक्षक पॅंट. या पॅंटमधले लांब तंतू चेनमध्ये गुंतून स्प्रॉकेट थांबवतात. तिच्यावर वर्ग लिहिलेला असतो. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर चेनवेगापर्यंतची चाचणी. आपल्या मशीनचा वेग मॅन्युअलमध्ये पाहून तो जुळतो का बघा. पॅंट घातली म्हणजे पाय सुरक्षित झाला असं मात्र समजू नका. विजेच्या मोटरचा जोर कमी वेगातही टिकून असतो, त्यामुळे तंतू चेन थांबवतीलच याची खात्री देता येत नाही.

म्यान काढा. हातरक्षक पुढे ढकलून ब्रेक लावा. मशीन सपाट जमिनीवर ठेवा, आणि मगच बॅटरी "टक" आवाज येईपर्यंत आत सरकवा. अर्धवट बसलेली बॅटरी कामाच्या मधे निसटते.

उजवा हात मागच्या हँडलवर, डावा पुढच्या हँडलवर, डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून वळसा घालून. डावखुऱ्यांनीही असंच. शरीर बारच्या रेषेत नको, किंचित डावीकडे. बारच्या टोकाजवळ काहीही नको.

ब्रेक मागे ओढून सोडवा, लॉक दाबा, ट्रिगर दाबा. मशीन सुरू होत नसेल आणि दिवा लुकलुकत असेल तर ब्रेक अजून लागलेला आहे, किंवा पॉवरचं बटण दाबायचं राहिलं आहे. काही मशीन थोडा वेळ हात न लावल्यास आपोआप बंद होतात.

आता तीन चाचण्या:

- थांबण्याची. ट्रिगर सोडला की चेन एक-दोन सेकंदांत पूर्ण थांबली पाहिजे. ट्रिगर सोडूनही चेन रांगत असेल तर बॅटरी काढा आणि मशीन दुरुस्तीला द्या.
- ब्रेकची. चेन चालू असताना, पुढच्या हँडलची पकड न सोडता, डाव्या मनगटाने हातरक्षक पुढे ढकला. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. जरा रेंगाळून थांबली तरी ती नापासच.
- ऑइलची. बारचं टोक पुठ्ठ्यापासून किंवा फिकट लाकडापासून वीतभर वर धरून काही सेकंद चालवा. त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर टाकी, मग बारचं ऑइलचं भोक, मग पंप, या क्रमाने शोधा. टोक पुठ्ठ्याला टेकवू नका.

ब्रेकची चाचणी दर दिवशी काम सुरू करण्याआधी. "काल चालत होता" हे कारण चालत नाही, कारण भुसा आणि तेल साचून ब्रेक रातोरात अडकलेला सापडतो.

## ९. पहिले काप आणि पुन्हा ताण

पहिल्या कापासाठी मनगटाएवढं सरळ लाकूड घोडीवर पक्कं बसवा. बॉडीवरचे काटेरी खुंटे लाकडाजवळ आणा, चेन पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावा, आणि बारच्या बॉडीकडच्या भागाने कापा. बारच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागला की मशीन झटक्याने वर आणि तुमच्याकडे उसळते. यालाच किकबॅक म्हणतात. खांद्याच्या उंचीच्या वर कापायचं नाही, जमिनीवर पडलेल्या ओंडक्यातून मातीत उतरायचं नाही.

चार-पाच काप झाले की थांबा. नवी चेन सुरुवातीला लांबते. रिव्हेट आणि लिंक आपापल्या जागी बसतात. बॅटरी काढा, चेन हाताला गार लागेपर्यंत थांबा, आणि सहाव्या टप्प्यातल्या तीनही तपासण्या पुन्हा करा. सैल वाटली तर नट ढिले करून सगळा क्रम पुन्हा, टोक उचलण्यासकट. नट न सोडता नुसता स्क्रू फिरवायचा नाही.

खबरदारी: गरम चेन लांब झालेली असते. ती तशीच ताणून ठेवली तर गार होताना आकसते आणि बारवर आवळली जाते. मोटरच्या दांड्यावर आणि बारवर नको इतका ताण येतो. काम थांबवता येत नाही आणि चेन खाचेबाहेर लोंबते आहे, अशा वेळी गरम असताना ताण दिलात, तर काम संपल्याबरोबर तो सैल करा.

नव्या चेनच्या पहिल्या दिवशी दर काही मिनिटांनी पाहा. पुढे साधी सवय पुरते: बॅटरी बदलताना ताण, ऑइल आणि नट. बॅटरी बाहेर आलेलीच असते, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

## बिघाड दिसला तर आधी कुठे पाहायचं

भुशाऐवजी पीठ पडत असेल तर चेन बोथट आहे. धारदार चेन जाडसर ढलप्या काढते आणि स्वतःहून लाकडात शिरते. तुम्हाला मशीन दाबावी लागते आहे म्हणजे कानस मारायची वेळ झाली. ३/८ इंच लो प्रोफाइल चेनला सहसा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. काही वेळा धार लावल्यावर गोलसर उंचवटेही सपाट कानसीने उतरवावे लागतात. लो प्रोफाइल चेनवर ते धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असतात. अंदाजाने उतरवू नका, मापाची पट्टी वापरा. जास्त उतरले की चेन लाकडात अधाशासारखी घुसते, मोटर अडते आणि किकबॅकचा धोका वाढतो.

काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा बोथट किंवा छोटे झालेत, किंवा बारची एक कड जास्त झिजली आहे. यात ताण बदलून काही होत नाही.

ताण बरोबर असूनही चेन उतरते? स्प्रॉकेटची झीज, बारची रुंदावलेली खाच, चुकीचं गेज, याच क्रमाने बघा. उतरलेली चेन परत चढवण्याआधी प्रत्येक ड्राइव्ह लिंकवरून बोट फिरवा. कंगोरे आले असतील तर बारीक कानसीने घासा, आणि लिंक वाकला असेल तर चेन बदला.

ठेवलेल्या मशीनखाली थोडं तेल दिसणं नेहमीचंच. बारमध्ये उरलेलं तेल ओघळतं. थारोळं झालं असेल तर झाकण नीट बसलेलं नाही.

## काम संपल्यावर

बॅटरी काढा. गरम बॅटरी लगेच चार्जरवर लावू नका, आणि गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज करू नका. महिनाभर तरी वापर नाही असं दिसत असेल तर ती साधारण अर्धी भरलेली, गार आणि कोरड्या जागी, मशीनपासून वेगळी ठेवा.

कव्हर उघडून भुसा ब्रशने काढा. रात्रभर राहिलेला तेलकट भुसा दुसऱ्या दिवशी खरवडावा लागतो. पाण्याचा फवारा मारू नका. बार-चेनला हलकं तेल लावा, ताण सैल करा, म्यान चढवा, आणि मशीनखाली पुठ्ठा घाला. मशीन वापरणारे एकाहून जास्त असतील तर हँडलला एक चिठ्ठी बांधा: "चेन सैल आहे, ताण लावल्याशिवाय बॅटरी लावू नये."